अलीकडे ओढलेली तारीख

बस डेपोत दिवस रात्री बारा वाजता सुरू होतो. आत्याच्या घरी तो सूर्य बुडाला की लागतो. हे दोन दिवस एकमेकांच्या अंगावर येऊ न देता सांभाळायचं काम ती एकतीस वर्षं करत आली होती, आणि त्यात तिची कधी गफलत झाली नव्हती.

डेपोत ती ड्युट्या लावायची. टेबलभर पसरणारा एक लांबलचक तक्ता, डावीकडे ड्रायव्हर-कंडक्टरांची नावं, वरच्या ओळीत तास, आणि मधल्या चौकोनांत पेन्सिलीने भरलेले मार्गांचे आकडे. शाईला ती हात लावत नसे. माणूस आजारी पडतो, बस आजारी पडते, मग शाईने लिहून कुणाचं भलं होणार, असं तिचं म्हणणं. प्रत्येक पाळीच्या खाली ती एक चौकोन बदलीसाठी ठेवायची. बदलीचा माणूस आठ तास बाकावर बसून जांभया देत राहिला तरी चालेल, पण तक्त्यात तो असायलाच हवा. कंट्रोलर साहेब तिला कंजूष म्हणत, कारण ती खोडरबर अगदी नखाएवढा होईपर्यंत वापरायची, पण शुक्रवारी दुपार कलली की तेच म्हणायचे, "बाईंनी पर्स उचलली. आता सूर्याने बुडायला हरकत नाही." शनिवारचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, लागायच्या आत ती घरी पोचलेली असायची, आणि डेपोतल्या कुणाला हे नव्याने समजावून सांगावं लागत नसे.

ज्यू समाजात तिला तारीखआत्या म्हणत. ती सख्खी आत्या एकाच मुलीची, पण नाव पडलं ते पडलं. चंद्राच्या महिन्यांवर चालणारं वर्ष, दर दोन-तीन वर्षांनी त्यात शिरणारा जादा महिना, सूर्यास्ताला लागणारे सण, हे सगळं तिच्या डोक्यात पाटासारखं वाहत असायचं. तिचा भाऊ, ज्याला ती दादा म्हणायची, चारचौघांत सांगायचा, "लोकांच्या दुष्काळात तेरावा महिना येतो, आपल्या तर कॅलेंडरातच येतो. म्हणून आम्ही घरात एक माणूसच नेमलंय." लग्नं ठरली की लोक तिला फोन करायचे. अमुक तारीख चालेल का? ती क्षणभर थांबायची आणि सांगायची, की त्या दिवशी उपास आहे, किंवा तो आठवडा शोकाच्या तीन आठवड्यांत येतो, किंवा, घ्या, उत्तम आहे, फक्त उन्हाळी सूर्यास्त उशिराचा असतो, जेवण लवकर ठेवू नका.

स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र तिला सांभाळता आली नव्हती. चोविसाव्या वर्षी तिचं ठरलं होतं, नकाशे काढणाऱ्या एका मुलाशी. लग्नाला बारा दिवस राहिले असताना वडील गेले आणि तीस दिवस थांबावं लागलं. ते संपले तर वल्हांडणाचा सण दारात उभा. त्याच्या मागोमाग एकोणपन्नास दिवसांची मोजणी, ज्यात आमच्यातली लग्नं होत नाहीत, असं तिच्या आईने मुलाकडच्यांना समजावलं. मग त्यांच्याकडचे एक काका बोटीने यायचे होते, ते लांबले. मग शोकाचे तीन आठवडे. तोवर मुलाला परदेशात काम मिळालं. त्याची पत्रं आली, आधी जाड, मग पातळ, मग नुसती सणाची कार्डं. वाईट असं कुणीच वागलं नव्हतं. तारीख पुढे जात राहिली आणि तिच्याबरोबर माणूसही पुढे निघून गेला. आत्याने त्यावर पुढे कधी चर्चा केली नाही. फक्त त्या वर्षापासून इतरांच्या तारखा ती फार बारकाईने बघायला लागली.

दादाची मुलगी लहानखुरी, म्हणून घरात तिला चिमणी म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. अठ्ठाविसाव्या वर्षी तिने आपलं आपण ठरवलं. मुलगा रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला, शांत, हात सतत धुतल्यामुळे बोटांची कातडी सोललेली. दादाने त्याचं नाव नळीवाला ठेवलं आणि पहिल्याच भेटीत त्याला तोंडावर सांगितलंही. मुलगा म्हणाला, "चालेल. ऑफिसात मला याहून वाईट नावं आहेत." तेव्हापासून दादा त्याच्यावर खूश.

लग्न वल्हांडणाच्या आदल्या आठवड्यात होतं. आत्यानेच काढलेली तारीख. आणि चार दिवस आधी साथीमुळे सगळं बंद झालं. हॉल बंद, प्रार्थनामंदिर बंद, चष्म्याचं दुकान बंद. चालू राहिली ती प्रयोगशाळा, जिथे नळीवाला आता दिवसाला शेकड्यांनी नमुने तपासत होता, आणि डेपो, जिथे तीनशे बसपैकी एकोणीस बस नर्सा, सफाई कामगार आणि वॉचमन घेऊन रिकाम्या रस्त्यांवरून धावत होत्या. आत्याचा तक्ता एवढासा झाला. तिने मागच्या वर्षीच्या कागदाची पाठकोरी बाजू वापरायला काढली.

त्या वर्षी वल्हांडण तिने एकटीने केला. एकटीने म्हणजे तसं अगदी एकटीने नाही. सणाला फोनला हात लावायचा नाही, म्हणून दादाने सूर्यास्ताआधीच व्हिडिओ कॉल लावून फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला होता. द्राक्षरसाच्या पहिल्या प्याल्यालाच गठ्ठा घसरला. आता फोन सरळ करायचा तर हात लावावा लागणार. कुणी लावला नाही. घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने आजची रात्र वेगळी का, असं विचारायचं असतं. चिमणीने ते विचारलं, वहिनीने बेखमीर भाकर मोडली, सगळ्यांनी गाणी म्हटली, आणि आत्याने दोन तास भावाच्या छताचा पंखा बघत सण साजरा केला. फोनची बंदी उठल्यावर तिने फोन करून सांगितलं, की पंख्याच्या तिसऱ्या पात्यावर जाळं धरलंय.

त्यानंतर मोजणी सुरू झाली. वल्हांडणाच्या दुसऱ्या रात्रीपासून सप्ताहांच्या सणापर्यंत रोज अंधार पडला की दिवस मोजायचा, मोठ्याने, आशीर्वादाचं वाक्य म्हणून. एखादा दिवस साफ विसरला तर पुढे मोजता येतं, पण आशीर्वाद म्हणायचा हक्क जातो. बायकांवर हे बंधन नव्हतं. पण दादा लहानपणी दर वर्षी दुसऱ्या आठवड्यातच विसरायचा, म्हणून वडिलांनी घरासाठी मोजायचं काम हिच्याकडे दिलं होतं, आणि तिने ते खाली ठेवलं नव्हतं. आता शब्बाथ-सणाच्या रात्री सोडून ती रोज संध्याकाळी भावाकडे फोन लावायची. "आज बारा दिवस, म्हणजे एक आठवडा आणि पाच दिवस." पलीकडून दादा घास चावत म्हणायचा, "पोचले."

लग्नाची नवी तारीख सप्ताहांच्या सणानंतरची धरली होती. तेवढ्यात नळीवाल्याच्या हातात हुकूम पडला: फिरत्या प्रयोगशाळेबरोबर दूरच्या भागात जायचं, सहा महिने, कदाचित जास्त. निघायचा दिवस बुधवार. कर्मचाऱ्याच्या बायकोला मागाहून जायचा पास मिळत होता, लग्न ठरलेल्या मुलीला नाही. नोंदणी कार्यालय बंद, पण धर्मगुरूंनी, म्हणजे रब्बींनी, लावलेल्या लग्नाचा दाखला चालणार होता. म्हणजे बुधवारच्या आत लग्न लागलं तर चिमणी त्याच्या मागे जाऊ शकणार होती. नाहीतर सहा महिने, कदाचित जास्त.

चिमणी त्या दिवशी आत्याला एवढंच म्हणाली, "तारीख काढ. पण या वेळी पुढे गेली तर मला सांगू नकोस."

एकोणपन्नास दिवसांत त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे लग्नाला एकच दिवस मोकळा असतो, तेहेतिसावा. आत्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मंगळवारच्या चौकोनात, इंग्रजी तारखेच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात तेहेतीस छापलेलं होतं. बुधवारचा आदला दिवस. तिने त्याच्याभोवती लाल गोल केला आणि कामाला लागली.

काम सोपं नव्हतं. एका जागी दहा माणसं, त्यावर एकही नाही, असा नियम होता. नवरा, नवरी, रब्बी, दोघांचे आईवडील, नात्यात नसलेले दोन साक्षीदार आणि आत्या, झाले दहा. पण लग्नाचे सात आशीर्वाद म्हणायचे तर दहा पुरुष लागतात, आणि या दहांत पुरुष होते सहाच. दादा म्हणाला, बायका कमी करू. वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग रब्बींनीच वाट काढली. ऐंशीला टेकलेला मिश्किल माणूस, फोनवर प्रत्येक वाक्याआधी खाकरायचा. त्यांनी सांगितलं, की दहा जणांनी एकमेकांना बघितलं की झालं, सगळे एकाच फरशीवर उभे हवेत असं काही नाही. प्रार्थनामंदिराला लागून एक तीन मजली इमारत होती, मध्ये अंगण आणि तिन्ही बाजूंनी गॅलऱ्या. तिथे समाजातली काही घरं होती. अंगणात दहा माणसं, आणि बाकीचे चार पुरुष आपापल्या घरात, आपापल्या गॅलरीत. घरात उभ्या असलेल्या माणसाला जमाव कोण म्हणेल? चौघे ठरले: पहिल्या मजल्यावरचे मास्तर आणि त्यांचा मुलगा, दुसऱ्या मजल्यावरचा बेकरीवाला आणि त्याच्या शेजारचा वॉचमन. लग्नाच्या मांडवाचं कापड चार कोपऱ्यांना धरायला आणखी चार माणसं लागली असती. त्याऐवजी आत्याने डेपोतून रांगेचे चार लोखंडी खांब मागून आणले आणि त्यांना काठ्या बांधल्या.

नळीवाल्याची पाळी सहाला सुटत होती, तिथून आंघोळ आणि प्रवास. आत्याने वॉर्ड ऑफिसच्या अर्जात लिहिलं: मंगळवार, संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. परवानगी आली. तिने ती छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली.

सोमवारी अंधार पडल्यावर तिने नेहमीप्रमाणे फोन लावला, आशीर्वाद म्हटला आणि मोजलं, "आज तेहेतीस दिवस, म्हणजे चार आठवडे आणि पाच दिवस." दादाने पोचल्याचं सांगितलं. वहिनीने विचारलं, उद्या फुलं मिळतील का. फोन ठेवून आत्या खिडकी लावायला उठली. वाटेत कॅलेंडर होतं, त्यावर मंगळवारभोवती लाल गोल.

ती तिथेच उभी राहिली. आज तेहेतीस, असं ती आत्ताच म्हणाली होती. सोमवारी. दिवस लागला होता. उद्या सूर्य बुडाला की तो संपणार होता, आणि उद्याचा सूर्य बुडणार होता सहा अठ्ठावन्नला. साडेसातला चौतिसावा लागून अर्धा तास झालेला असणार. एकतीस वर्षं सांभाळलेले दोन दिवस तिने एका अर्जात एकमेकांवर चढवले होते. मंगळवार तिने रात्री बारापर्यंत धरला होता, डेपोसारखा.

खुर्चीत बसून तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. एक विचार अगदी पाय न वाजवता आत आला: कुणाच्या लक्षात येणार आहे? तारीखआत्याने काढलेली तारीख तपासतंय कोण? रब्बी थकलेत. दादाला दुसऱ्या आठवड्यापासूनच आकडा माहीत नसतो. लग्न लागेल, मुलगी जाईल. पण मग लग्न लागल्यावर त्याच अंगणात उभं राहून तिला मोजायचं होतं, आज चौतीस दिवस, मोठ्याने, आशीर्वादासकट. ते वाक्य तिने मनात म्हणून बघितलं. मग तिने फोन उचलला आणि भावाला नाही, थेट चिमणीला लावला.

"चिमणे, माझी चूक झालीय. तारखेत."

पलीकडे अगदी सपाट आवाज. "पुढे गेली ना?"

"नाही. अलीकडे ओढायचीय. उद्या साडेसातला नाही, सहाला. सात वाजायच्या आत अंगठी बोटात हवी."

"म्हणजे लवकर?"

"लवकर."

चिमणी हसायला लागली, आधी नाकातून, मग मोकळी. म्हणाली, "आत्या, दोन महिने लोक मला फोन करून नवीन तारखा सांगतायत. लवकर म्हणणारी तू पहिलीच."

"अजून काही जमलेलं नाही. आणि चूक माझी आहे, ती मी सगळ्यांना सांगणार आहे."

"सांग. पण आधी तक्ता काढ."

आत्याने तक्ता काढला. पाठकोरा कागद, पट्टी, पेन्सिल. डावीकडे माणसं, वर तास, चार ते सात. पहिला फोन रब्बींना. ते खाकरले आणि म्हणाले, की कुठे कुठे रीत वेगळी आहे, पण आपल्याकडे तेहेतिसावाच. सूर्याला मुदतवाढ देणं काही त्यांच्या हातात नाही. ते पाचलाच येऊन बसतील. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पोरी, तू स्वतःहून सांगितलंस?" ती हो म्हणाली. "मग झोप शांतपणे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सत्तावन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारा तो आता एकच माणूस उरला होता.

मास्तर आणि त्यांचा मुलगा घरातच होते. बेकरीवाला म्हणाला, पीठ त्याचं ऐकतं, येईल. वॉचमन मात्र अडकला. त्याची पाळी सातला सुटणार होती, साडेसातला तो सहज गॅलरीत आला असता, सहाला येणं शक्य नव्हतं. कुणी बदली मिळाला तर बघतो, म्हणाला. त्या आवाजातला 'बघतो' आत्याने एकतीस वर्षं ऐकलेला होता. त्याचा अर्थ 'नाही'.

नळीवाल्याच्या प्रयोगशाळेचा नंबर तिने त्याच्याकडूनच घेतला. तिथे पाळ्या लावणारी एक बाई होती, आवाजावरून तिच्याच वयाची. आत्याने लग्नाचं सांगितल्यावर ती म्हणाली, तिला दिवसातून तीन लग्नं ऐकावी लागतात.

"मीही ड्युट्याच लावते," आत्या म्हणाली. "बसच्या."

"मग तुम्हाला ठाऊकच असेल."

"आमच्या एका कंडक्टरची आजी चार वेळा वारलीय."

पलीकडची बाई हसली, आणि त्यानंतर त्या दोघी वीस मिनिटं अशा बोलल्या, की ऐकणाऱ्याला वाटावं दोन सेनापती नकाशावर वाकलेत. मुलाची उद्याची पाळी दहा ते सहा. ती सहा ते दोन करायची तर सकाळी एक माणूस जादा होत होता आणि दुपारी एक कमी पडत होता. आत्याने विचारलं, सहाला येणाऱ्यांतलं कुणी दहाला यायला तयार आहे का. त्या बाईने कागद चाळले. होता, लहान बाळ असलेला एक जण, त्याला सकाळ मोकळी मिळाली तर हवीच होती. "हे मला महिनाभर सुचलं नाही," ती म्हणाली. आत्या म्हणाली, स्वतःचा तक्ता कुणालाच दिसत नाही.

उरला दहावा पुरुष. तिसऱ्या मजल्यावर एक जण होते. समाज त्यांना खुर्चीवाले म्हणायचा. प्रार्थनामंदिरात खिडकीजवळची पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांच्या वडिलांपासून त्यांची. कमिटीने ती एका देणगीदाराला देऊन टाकली, तेव्हा त्यांनी प्रार्थना संपताच सगळ्यांदेखत ती खुर्ची उचलली, काखेत मारली आणि घरी नेली. वीस वर्षं झाली. त्यानंतर ते आले नव्हते आणि त्यांना बोलवायलाही कुणी गेलं नव्हतं. आत्याने फोन लावला आणि सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट.

"वीस वर्षांनी आठवण झाली?" ते म्हणाले.

"गरज पडली म्हणून आठवण झाली. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी फोन ठेवून दिला. आत्याने तक्त्याच्या तळाला बदलीचा चौकोन आखला आणि त्यात अगदी फिकट पेन्सिलीने लिहिलं: खुर्चीवाले.

मंगळवारी सकाळी दहाला ती वॉर्ड ऑफिसच्या खिडकीसमोर उभी होती. आतल्या क्लार्कने परवानगी उलटसुलट बघितली आणि सांगितलं, की मंजूर अर्जात वेळ बदलायला तीन दिवस लागतात. आत्या खिडकीशीच उभी राहिली. तीही खिडकीच्या आतली बाई होती. आतल्या माणसाला बोलायला जरा वेळ द्यावा लागतो, हे तिला माहीत होतं. क्लार्कने चष्मा पुसला. म्हणाला, "बदलायला तीन दिवस. पण हा अर्ज मागे घेऊन नवा केलात, तर नवा दोन तासांत होतो." तिने नवा केला, सहा ते साडेसात. सही करताना त्याने विचारलं, लोक तर लग्नं पुढे नेतायत, तुम्हाला दीड तासाची एवढी घाई का? सूर्यासाठी, असं तिने सांगितलं. त्याने मान डोलावली, जणू रोज कुणी ना कुणी हेच कारण देतं.

साडेपाचला अंगणात चार लोखंडी खांब उभे होते, काठ्यांवर पांढरं कापड ताणलेलं. ऊन पहिल्या मजल्यावरून सरकून दुसऱ्या मजल्यावर चढलं होतं. नळीवाला तासाभरापूर्वीच सात नंबरच्या बसने आला होता, सूट कुठल्या तरी मामाचा, खांद्यात जरा सैल. चिमणी वहिनीच्या जुन्या ड्रेसमध्ये होती; तो आत घ्यायला वहिनीला चार दिवस पुरले होते. मास्तर आणि त्यांचा मुलगा गॅलरीत आले. बेकरीवाला कोपरापर्यंत पीठ घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. वॉचमनच्या गॅलरीत त्याची बायको आली आणि तिने खालच्या लोकांना हातानेच खूण केली: नाही.

सहा वाजले. सव्वासहा झाले. रब्बींनी मोजायला सुरुवात केली. माणसं थेट मोजायची नसतात, अशी जुनी रीत. मोजलेल्या माणसाला नजर लागते म्हणे. म्हणून ते बोट न दाखवता, मान हलवत म्हणत होते, "एक नाही, दोन नाही, तीन नाही…" अंगणातून मास्तरांकडे, मास्तरांकडून बेकरीवाल्याकडे. "आठ नाही. नऊ नाही." आणि थांबले. दादा खालच्या आवाजात म्हणाला, की हे मोजणं नेमकं अशा वेळी फार खरं वाटतं.

आत्या वर बघत नव्हती. ती ऊन बघत होती. ते आता दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर होतं. तिला सोललेल्या बोटांचा नळीवाला दिसत होता, चिमणीने त्याची बाही धरलेली दिसत होती.

तिसऱ्या मजल्यावर काहीतरी घासलं. फरशीवरून लाकूड ओढल्याचा आवाज. एका दारातून आधी खुर्ची आली, गडद लाकडाची, पाठीवर कोरीव काम असलेली, मग तिला ढकलत एक म्हातारे गृहस्थ, काळा कोट, डोक्यावर टोपी. त्यांनी खुर्ची कठड्याशी लावली, रुमालाने झटकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"बसायला आणलीय," ते वरून म्हणाले. "लग्न लांबलं तर."

"लांबत नाही आता," रब्बी म्हणाले, आणि खाकरले. "दहा नाही."

सहा वाजून बावीस मिनिटांनी लग्न सुरू झालं. अंगठी नळीवाल्याच्या हातून चिमणीच्या बोटात सहज सरकली. त्याची बोटं रोज शेकड्यांनी नळ्या हाताळत होती. करारनामा वाचला गेला. मग सात आशीर्वाद. रब्बींनी त्यातले काही म्हटले, एक नवऱ्याच्या वडिलांनी, एक मास्तरांनी पहिल्या मजल्यावरून. शेवटचा, सगळ्यांत मोठा, खुर्चीवाल्यांनी मागून घेतला. वीस वर्षं न वापरलेला आवाज आधी खरखरला, मग अंगणभर उतरला. त्यांचं म्हणून होईपर्यंत ऊन तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या टोपीवर गेलं होतं. रुमालात गुंडाळलेला ग्लास पायाखाली फुटला. तेव्हा सहा चाळीस झाले होते. बेकरीवाल्याने टाळी वाजवली आणि पिठाचा एक ढग खाली अंगणात सावकाश उतरला.

अंधार पडल्यावर, परवानगीची वेळ संपायच्या आत, आत्याने खांबांवरचं कापड सोडता सोडता मोजलं. या वेळी फोनची गरज नव्हती. "आज चौतीस दिवस, म्हणजे चार आठवडे आणि सहा दिवस." वरच्या तिन्ही मजल्यांवरून आमेन आलं. दादा म्हणाला, "पोचले." चिमणी खांबाची दुसरी बाजू सोडत होती. तिने काठी खाली ठेवली आणि आत्याच्या खांद्याला खांदा लावून काही वेळ तशीच उभी राहिली, लग्न झालेल्या बाईसारखी नाही, नंबर तपासून दमलेल्या मुलीसारखी.

बुधवारी सकाळी फिरती प्रयोगशाळा निघाली. दाखला पासच्या अर्जाला जोडला गेला. अकरा दिवसांत मिळेल, असं खिडकीतल्या त्याच क्लार्कने सांगितलं.

आत्या चारही खांब घेऊन डेपोत आली. कंट्रोलर साहेब दारातच भेटले. त्यांनी खांब मोजून घेतले, कारण खांब मोजायला काही हरकत नव्हती, आणि विचारलं, "काय बाई, वेळेवर लागलं का लग्न?"

"नाही," ती म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करायला बसली. "साडेसातच्या पन्नास मिनिटं आधी."